किल्ली कुठे ठेवली आहे, ते सांगा: विदर्भात सॉफ्टवेअर करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शेतकरी उत्पादक कंपन्या, बाजार समित्या, पतसंस्था, दूध संकलन केंद्रे आणि महिला बचत गटांसाठी सॉफ्टवेअर तयार करणारे विदर्भातले सर्व डेव्हलपर

मित्रमैत्रिणींनो, सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात राहते. एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या नोंदी आणि त्या नोंदींचं सॉफ्टवेअर सांभाळणं हे माझं काम. सभासदाचं नाव, आधार, सातबारा, बँक खातं, मोबाईल, किती एकर कपाशी, किती सोयाबीन, काट्यावर किती क्विंटल माल आला, चुकारा किती निघाला, कुणाचं पीककर्ज थकलं (चुकारा म्हणजे मालाचे पैसे), हे सगळं एका डेटाबेसात आहे. असे डेटाबेस तुम्ही नागपूर, अमरावती, अकोल्यात बसून बांधता. तुमच्यातले बरेच जण आमच्याच गावांतून शिकून गेलेले आहेत. म्हणूनच हे पत्र शासनाला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

सॉफ्टवेअर विकत घेताना संचालक मंडळ एकच प्रश्न विचारतं, "डेटा सेफ आहे ना?" उत्तर येतं, "हो, एन्क्रिप्टेड आहे, २५६ बिट." आणि बैठक पुढच्या विषयाकडे जाते. एन्क्रिप्ट करणं म्हणजे माहिती एका किल्लीने, म्हणजे लांब गुप्त आकड्याने, अशी बदलणं की किल्लीशिवाय ती वाचता येत नाही. २५६ बिट ही त्या किल्लीची लांबी. २५६ हा आकडा खोटा नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २००१ साली एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत प्रमाण म्हणून स्वीकारली. तेव्हापासून जगभरच्या गणितज्ञांनी तिच्यावर डोकं लावलं आणि ती टिकली. पण आमच्या सभासदाचा डेटा चोरणारा माणूस एईएस फोडायला बसत नाही. त्याच्याकडे त्याहून सोप्या वाटा असतात. त्या वाटांबद्दल मला तुम्हाला काही नेमके प्रश्न विचारायचे आहेत.

आधी नुकसान कसं होतं ते सांगते, कारण शहरात बसून ते नीट दिसत नाही. दिवाळीनंतर कापूस काट्यावर येतो आणि चुकाऱ्याची वाट पाहणं सुरू होतं. अशात कास्तकाराला फोन येतो. समोरचा नाव घेऊन बोलतो, गाव सांगतो, कोणत्या तारखेला किती क्विंटल टाकला ते सांगतो, खात्याचे शेवटचे चार आकडे सांगतो. मग म्हणतो, चुकारा अडकला आहे, मोबाईलवर आलेला नंबर सांगा. एरवी ओटीपी कुणाला सांगू नये हे आता गावातल्या म्हाताऱ्या माणसालाही माहीत आहे. पण क्विंटलचा आकडा बरोबर सांगणारा माणूस त्याला कंपनीचाच वाटतो. ही माहिती फोन करणाऱ्यापर्यंत पोचते ती नोकरी सोडून गेलेल्या ऑपरेटरच्या पेन ड्राइव्हमधून, व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडलेल्या एक्सेल फाइलमधून, दुरुस्तीला टाकलेल्या फोनमधून, भंगारात दिलेल्या संगणकाच्या हार्डडिस्कमधून. तुमचं एन्क्रिप्शन यातल्या कोणत्या वाटेवर उभं आहे, हा माझा पहिला प्रश्न. "सगळ्याच" असं उत्तर देऊ नका, कारण ते शक्य नाही.

सर्व्हरची संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केली असेल, तर सर्व्हर चोरीला गेला किंवा डिस्क बदलली तेव्हा त्याचा उपयोग. सर्व्हर चालू असताना मात्र डिस्क उघडीच असते. वेबच्या फॉर्ममध्ये एसक्यूएल इंजेक्शनचं भोक, म्हणजे फॉर्ममध्ये टाइप करून डेटाबेसाला परस्पर हुकूम द्यायची वाट, राहिलं असेल, तर डेटाबेस स्वतःच उलगडलेली माहिती चोराच्या हाती देईल. टीएलएस म्हणजे ब्राउझरमधलं ते कुलूप. ते माहिती प्रवासात असेपर्यंत राखतं, पोचल्यावर त्याचं काम संपतं. आधार किंवा खाते क्रमांकाचा रकानाच वेगळा एन्क्रिप्ट केला, तर डेटाबेसाची नुसती नक्कल पळवणाऱ्याला अडवता येतं, मात्र किल्ली त्या नकलेसोबत गेलेली नसावी. तिन्हींची कामं वेगळी आहेत आणि कोणतंही एक दुसऱ्याच्या बदल्यात चालत नाही. संचालक मंडळासमोर "एन्क्रिप्टेड" म्हणताना यातलं कोणतं केलं, ते सांगा. आमचे संचालक दहावी-बारावी शिकलेले असतील, पण मालाची प्रत पारखणारी माणसं आहेत. समजावून सांगितलं तर त्यांना समजतं.

आता पासवर्ड. तपासायला आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मी आधी यूजरचा तक्ता उघडते. अजूनही तिथे बेस६४ दिसतं. ते कुणालाही एका क्षणात उलटं करता येतं, त्यात गुपित असं काहीच नसतं. अजूनही एमडी५ दिसतं, तेही मीठ, म्हणजे प्रत्येक पासवर्डात मिसळायचा वेगळा मजकूर, न घालता. एमडी५ ही हॅश काढायची, म्हणजे मजकुरावरून उलटा फिरवता न येणारा संकेत काढायची, १९९२ सालची पद्धत आहे, आणि आजचं साधं ग्राफिक्स कार्ड तिचे अब्जावधी प्रयत्न सेकंदाला करतं. काही जण पासवर्ड एईएसने एन्क्रिप्ट करून ठेवतात आणि हे जास्त सुरक्षित आहे असं मनापासून मानतात. त्यांनी २०१३ सालचं अॅडोबीचं प्रकरण जरूर वाचावं. तिथे पासवर्ड हॅश केलेले नव्हते, ट्रिपल डीईएसने एन्क्रिप्ट केलेले होते, तेही ईसीबी पद्धतीने, सगळ्यांना एकच किल्ली. ईसीबीत सारखा मजकूर सारखाच दिसतो. पंधरा कोटींच्या आसपास नोंदी बाहेर आल्या. किल्ली बाहेर आली नव्हती, तरी एकसारखे दिसणारे पासवर्ड एकत्र केले आणि त्यांच्यापुढे लोकांनी पासवर्ड आठवावा म्हणून साध्या मजकुरात लिहिलेल्या खुणा वाचल्या की पासवर्ड ओळखता येत होते.

पासवर्ड परत उलगडायची गरज कधीच नसते, म्हणून तो उलगडता येईल अशा रीतीने ठेवूच नये. आर्गॉन२आयडी वापरा. आर्गॉन२ ही २०१५ च्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेत निवडली गेलेली पद्धत आहे. मुद्दाम हळू चालते आणि मेमरी खाते, त्यामुळे ग्राफिक्स कार्डवाल्याचा फायदा कमी होतो. तुमच्या फ्रेमवर्कमध्ये ती नसेल तर बीक्रिप्ट चालेल. ती १९९९ सालची आहे, तरी अजून धरून आहे. पण बीक्रिप्ट फक्त पहिले ७२ बाइट बघते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि मात्रा वेगळी मोजली जाते. म्हणजे मराठीत लांब वाक्य पासवर्ड म्हणून ठेवलं, तर चोवीस चिन्हांनंतरचं सगळं वाया. शिवाय "ऱ्या" हे अक्षर दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी टाइप होतं, कीबोर्ड बदलला की बाइट बदलतात, आणि घरच्या फोनवर ठेवलेला पासवर्ड कार्यालयात चालत नाही. मराठी पासवर्ड चालू द्या, जरूर चालू द्या. आमच्या बचत गटाच्या बायकांना स्वतःच्या भाषेतली ओळ लक्षात राहते, इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी राहत नाही. फक्त हॅश करण्याआधी मजकूर एका ठरावीक रूपात आणून घ्या, आणि दोन्ही तऱ्हा टाइप करून तपासा.

आधार क्रमांकाबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण सगळ्यात मोठा घोटाळा तिथेच दिसतो.

"आम्ही आधार साठवत नाही, आधारचा एसएचए-२५६ हॅश साठवतो," असं मला अनेकदा अभिमानाने सांगितलं जातं. जरा हिशेब करा. आधार बारा आकडी असतो. पहिला आकडा शून्य किंवा एक नसतो. शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून काढलेला तपासणी अंक असतो. म्हणजे शक्य असलेले एकूण क्रमांक आठ हजार कोटी. आकडा ऐकायला मोठा आहे, पण चांगलं ग्राफिक्स कार्ड एसएचए-२५६ चे हजारो कोटी हॅश काही सेकंदांत करतं. चहा उकळायच्या आत तुमच्या तक्त्यातला प्रत्येक आधार क्रमांक उघडा होईल. मोबाईल क्रमांकाची स्थिती आणखी वाईट, ते जेमतेम चारशे कोटी. हॅशचं गणित पक्कं आहे. पण शक्यताच इतक्या थोड्या असतील, तर सगळ्या करून बघता येतात. एकच मीठ सगळ्या नोंदींना लावलं आणि ते त्याच डेटाबेसात ठेवलं, तरी फरक पडत नाही.

मग सभासद दोनदा नोंदला जाऊ नये म्हणून आधार जुळवायचा कसा? त्यासाठी एचएमएसी वापरा, म्हणजे गुप्त किल्ली घालून काढलेला हॅश. ती किल्ली डेटाबेसाच्या बाहेर ठेवा. किल्ली नसलेल्याला आठ हजार कोटी प्रयत्न करूनही काही कळणार नाही, आणि तुम्हाला मात्र तोच क्रमांक पुन्हा आला की लगेच कळेल. पण त्याच्याही आधीचा प्रश्न असा की तुम्हाला तो क्रमांक हवाच कशाला? आधार कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर ऑफलाइन पडताळणी करणाऱ्या संस्थेला आधार क्रमांक गोळा करायला किंवा साठवायला मनाईच आहे. ज्यांना कायद्याने तो साठवायची मुभा आहे, त्यांनी तो वेगळ्या आधार डेटा व्हॉल्टमध्ये ठेवावा आणि बाकी सगळीकडे फक्त संदर्भ क्रमांक वापरावा, असं आधार चालवणाऱ्या यूआयडीएआयने २०१७ साली सांगितलेलं आहे. आमच्यासारख्या कंपनीला माणूस खरा आहे एवढंच बघायचं असतं. त्यासाठी आधारवरचा क्यूआर कोड पुरतो. त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो आणि आधारचे फक्त शेवटचे चार आकडे असतात, आणि त्या सगळ्यावर यूआयडीएआयची डिजिटल सही असते. ती सही तपासायला इंटरनेट लागत नाही, यूआयडीएआयचं सार्वजनिक सर्टिफिकेट अॅपमध्ये असलं की झालं. मेळघाटात, झरी-जामणीच्या पोडांवर (आदिवासी वस्त्यांवर), गडचिरोलीच्या आतल्या गावांत रेंज नसताना सभासद नोंदणी करायची असेल, तर याहून सोयीचं काही नाही. तरीही तुमच्या अॅपमध्ये आधारकार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो काढायचं बटण असतं, आणि तो फोटो फोनच्या गॅलरीत जाऊन बसतो. तिथून तो मालकाच्या क्लाउड बॅकअपमध्ये जातो, घरातल्या पोराच्या हाती जातो. ते बटण काढून टाका. फोटो घ्यावाच लागला तर अॅपच्या खासगी जागेत ठेवा, सर्व्हरवर पोचला की फोनवरून पुसा.

बोटांच्या ठशांबद्दल एवढंच सांगते की ते कोणत्याही रूपात साठवू नका, एन्क्रिप्ट करूनही नाही. जमिनीच्या दस्तांवरचे अंगठे उचलून, त्यांची नक्कल करून आधारवरून पैसे काढल्याची प्रकरणं देशात पोलिसांपर्यंत गेली आहेत. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. शेतात राबून आधीच झिजलेला अंगठा माणसाने कुठून बदलायचा?

आता माझा मुख्य प्रश्न. किल्ली कुठे आहे?

बहुतेक वेळा ती कोडमध्येच सापडते. कॉन्फिगच्या फाइलमध्ये, गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या जुन्या नोंदीत (कमिटमध्ये), अँड्रॉइडच्या एपीकेमध्ये, म्हणजे अॅपच्या फाइलमध्ये. एपीके उघडून आतले शब्द वाचायला फुकटची साधनं मिळतात आणि इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं पोरगंही ते करू शकतं. गिटमधून फाइल पुसली तरी इतिहासात राहते. एकदा तिथे गेलेली किल्ली गेली असंच समजून बदलावी लागते. कोठीला कुलूप घालून किल्ली कोठीच्याच खुंटीला टांगली, तर कुलपाचे पैसे कशाला खर्च केले? मोठ्या क्लाउडवर असाल तर त्यांची किल्ल्या सांभाळणारी की मॅनेजमेंट सेवा घ्या. आमच्यासारख्या लहान ग्राहकाला ती परवडते, कारण किल्ल्या दोन-चारच असतात. साध्या भाड्याच्या सर्व्हरवर असाल तर किल्ली वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, ती फक्त अॅप चालवणाऱ्या यूजरलाच वाचता येईल असं करा, आणि मुख्य म्हणजे डेटाबेसाच्या बॅकअपमध्ये ती जाऊ देऊ नका. हे आदर्श नाही, पण आज जे चालू आहे त्याहून कितीतरी बरं आहे.

प्रत्येक एन्क्रिप्ट केलेल्या रकान्यासोबत कोणत्या क्रमांकाच्या किल्लीने तो बंद केला हे लिहून ठेवा. नाहीतर किल्ली बदलायची वेळ येते तेव्हा सगळा डेटाबेस एका रात्रीत उलगडून पुन्हा बंद करावा लागतो. मग खरेदीच्या हंगामात ते धाडस कुणी करत नाही आणि जुनीच किल्ली वर्षानुवर्षं चालते. किल्ली बदलायचा प्रसंग येतोच. तुमच्याकडचा मुलगा नोकरी सोडून पुण्याला जातो, तेव्हा तो किती किल्ल्या डोक्यात आणि लॅपटॉपमध्ये घेऊन जातो, याचा विचार तुमच्या करारात असतो का?

बॅकअपचंही हेच. आमच्याकडे वीज जाते, यूपीएसची बॅटरी कधी बसेल सांगता येत नाही, म्हणून बॅकअप रोज निघतात आणि ते बरोबरच आहे. पण ते उघडे निघतात. मूळ डेटाबेसाला सात पहारे आणि त्याची नक्कल टेबलाच्या खणात. यावर चांगला उपाय आहे. किल्ल्यांची जोडी करा. बंद करायची सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवा आणि उघडायची खासगी किल्ली सर्व्हरवर कधीच ठेवू नका. ती कागदावर छापून, सीलबंद पाकिटात, कंपनीच्या बँक लॉकरमध्ये जाऊ द्या आणि लॉकर दोन संचालकांच्या सहीने उघडावा. मग सर्व्हर रोज बॅकअप बंद करू शकतो, पण जुना बॅकअप उघडू शकत नाही. सर्व्हरमध्ये शिरलेला चोरही शकत नाही. आणि वर्षातून एकदा, पेरणीच्या आधी, संचालकांसमोर ते पाकीट उघडून बॅकअप खरोखर परत आणून दाखवा. किल्ली हरवली तर डेटाही गेला, याची त्यांना कल्पना असायला हवी. एका खरिपाच्या नोंदी गेल्या तर चुकारा, अनुदान, पीक विमा सगळ्याचे पुरावे जातात.

एक गोष्ट मी फारच थोड्या ठिकाणी बरोबर केलेली पाहिली आहे. समजा, खाते क्रमांकाचा रकाना तुम्ही एईएस-जीसीएमने, म्हणजे बदल झाला तर तोही ओळखणाऱ्या एईएसच्या प्रकाराने, नीट एन्क्रिप्ट केला. किल्ली सुरक्षित आहे. आता डेटाबेसात लिहायचा अधिकार असलेला एखादा माणूस काय करेल? त्याला काही उलगडायची गरजच नाही. तो स्वतःच्या ओळीतला एन्क्रिप्ट केलेला खाते क्रमांक उचलेल आणि दुसऱ्या सभासदाच्या ओळीत चिकटवेल. चुकारा वाटपाच्या दिवशी सॉफ्टवेअर तो बिनतक्रार उलगडेल आणि त्या कास्तकाराचे पैसे याच्या खात्यात जातील. नंतर मूळ मजकूर परत चिकटवला की कुणाला पत्ताही लागणार नाही. जीसीएममध्ये यावर उत्तर दिलेलं आहे. एन्क्रिप्ट करताना सोबतचा डेटा म्हणून सभासद क्रमांक आणि रकान्याचं नाव द्यायचं. मग तो मजकूर दुसऱ्या ओळीत नेला की उलगडणारच नाही, चूक दाखवेल. कोडमध्ये फार तर दोन ओळींचा फरक. तरी तो दिसत नाही, कारण आपण एन्क्रिप्शन म्हणजे फक्त लपवणं समजतो. गावात मात्र माहिती कुणी वाचली यापेक्षा कुणी बदलली याची भीती जास्त असते. वजन बदललं, ग्रेड बदलली, खातं बदललं, या तक्रारी संगणक येण्याच्या आधीपासूनच्या आहेत.

जीसीएम वापरताना एकाच किल्लीसोबत तोच नॉन्स, म्हणजे दर वेळी नवा घ्यायचा आकडा, दोनदा येऊ देऊ नका. तसं झालं तर दोन्ही मजकूर उघडे पडायची वाट होते आणि बदल ओळखायची सोयही मोडते. कोडमध्ये नॉन्स कायमचा शून्य लिहून ठेवलेला मी पाहिला आहे. स्वतःची पद्धत तर शोधूच नका. लिबसोडियमसारखी तयार, तपासलेली कोडची लायब्ररी घ्या.

आता फोन. आमच्याकडचं बरंच काम शेताच्या बांधावर किंवा संकलन केंद्रावर जुन्या अँड्रॉइडवर होतं. सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या दाखल्याची, चूक येते, तुम्हाला फोन जातो, आणि तुम्ही काम थांबू नये म्हणून सर्टिफिकेटची तपासणीच बंद करून नवीन एपीके पाठवता. त्या क्षणी टीएलएसचं सगळं काम संपलं. मधल्या कोणत्याही वायफायवाल्याला तुमचा सर्व्हर असल्याचं सोंग घेता येतं. चूक का येते ते आधी बघा. बरेचदा बॅटरी पूर्ण उतरून फोनची तारीख मागे गेलेली असते आणि त्या तारखेला सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नसतं. अॅपने एवढंच सांगितलं की "फोनची तारीख चुकली आहे, ती दुरुस्त करा", तर प्रश्न मिटतो. मराठीत सांगा. दुसरं कारण म्हणजे अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीचे फोन लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं आजचं मूळ सर्टिफिकेट ओळखत नाहीत. तात्पुरती केलेली सोय २०२४ च्या सप्टेंबरअखेर संपली. अशा फोनसाठी ते मूळ सर्टिफिकेट अॅपमध्येच जोडता येतं. थोडं काम आहे, पण तपासणी बंद करण्याचं कारण उरत नाही. आणि टीएलएस १.० व १.१ सर्व्हरवर चालू असतील तर बंद करा, ती २०२१ सालीच बाद ठरली आहेत.

रेंज नसताना फोनवर साठलेल्या नोंदी एसक्यूलाइट या फोनमधल्या छोट्या डेटाबेसात उघड्या राहतात. गावात एक फोन तीन माणसं वापरतात, हे धरूनच रचना करा. डेटाबेसाची किल्ली अँड्रॉइडच्या कीस्टोअर या किल्ल्या राखणाऱ्या जागेत ठेवा, अॅपला स्वतंत्र पिन द्या, नोंद सर्व्हरवर पोचली की फोनवर गरजेपुरतीच ठेवा. हरवलेल्या फोनचं लॉगिन कार्यालयातून बंद करता आलं पाहिजे. लॉगच्या, म्हणजे सॉफ्टवेअरने काय काय केलं त्याच्या नोंदींच्या, फाइलींकडेही एकदा पाहा. रकाने एन्क्रिप्ट केलेले आणि लॉगमध्ये पूर्ण आधार, पूर्ण खाते क्रमांक, ओटीपी छापलेले, असं होऊ देऊ नका.

कायद्याचं थोडक्यात सांगते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी दीड वर्षाची मुदत आहे. डेटा राखण्यासाठी वाजवी काळजी घेतली नाही तर दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. डेटा फुटला तर ज्याचा फुटला त्याला कळवावं लागणार आहे. संमतीची सूचना मराठीत मागण्याचा हक्क सभासदाला आहे. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेचा २०२२ चा निर्देश तर आधीपासूनच लागू आहे. सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. शनिवारी रात्री डेटा फुटल्याचं कळलं तर आम्ही तुमच्यापैकी कुणाला फोन करायचा, तो उचलला जाईल का, हे करारात लिहिलेलं असावं. दंड कंपनीवर येईल, आणि कंपनी म्हणजे हजार-हजार रुपये टाकून सभासद झालेले कास्तकार.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. कमीत कमी दराचं कोटेशन मंजूर होतं, त्यात की मॅनेजमेंट आणि वार्षिक तपासणीचे पैसे कुठून बसवणार? हा दोष आमच्या बाजूचा आहे. संचालक मंडळांना मी त्यांच्या बैठकीत हेच सांगते आहे की सुरक्षेची ओळ कोटेशनमध्ये वेगळी मागा आणि तिच्यावर घासाघीस करू नका. तुम्हीही ती ओळ वेगळी दाखवा, बाकीच्या खर्चात लपवू नका. ती दिसली नाही तर मंजूर कशी होणार?

आणि सॉफ्टवेअर हाती देताना सोबत एक पानाचा मराठी कागद द्या. त्यावर एवढं असावं: कोणती माहिती घेतो आणि का, कोणते रकाने एन्क्रिप्ट केलेले आहेत, किल्ली कुठे आहे, ती कुणाकुणाला वाचता येते, शेवटची कधी बदलली, बॅकअप कुठे जातो, तो परत आणून शेवटचं कधी पाहिलं, काही झालं तर फोन कुणाला करायचा. ज्या प्रश्नाचं उत्तर नाही तिथे "अजून नाही" लिहा. तेवढ्यावरून आम्ही काम नाकारणार नाही. पुढची खरेदी ऑक्टोबरात सुरू होते. त्याआधी तुमच्या जुन्या ग्राहकांनाही हा कागद पाठवलात, तर निदान आपापल्या कंपनीत कोणतं काम आधी करायचं, हे त्यांना ठरवता येईल.

आपली,
घाटंजी तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या नोंदी सांभाळणारी